परडीतला निळा पंप

कर्वेनगरच्या त्या मंगल कार्यालयात दर गुरुवारी लग्न नसतानाही अक्षता पडायच्या. पडायच्या उत्तरेश्वर महाराजांवर. हजारभर माणसं, त्यांतली निम्मी खोकणारी.

"ज्यानं छाती दिली, तो श्वास देणार नाही?" महाराज माईकवरून विचारायचे.

"देणार!"

"मग हा पंप कशाला? पंप सायकलला मारतात, माणसाला नाही!"

हशा पिकायचा. मग एकेक जण उठायचा आणि आपला इन्हेलर महाराजांच्या पायाशी ठेवलेल्या परडीत टाकायचा. मागच्या गुरुवारी बरे झालेले माईकवर येऊन रडायचे. "चार दिवसांत दमा गेला हो!" घंटा, शंख, जयजयकार.

मी हसणाऱ्यांतली नव्हते, हात जोडणाऱ्यांतली होते. माझा दमा लहानपणापासूनचा. शिंकांनी सुरुवात, मग नाक बंद, मग छातीत शिट्ट्या. महाराजांच्या अंगाऱ्याची पुडी रोज पाण्यातून घेऊ लागले आणि पाचव्या दिवशी न थांबता तळजाईची टेकडी चढले. सहा महिन्यांत चेहरा भरला. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, "कुसुमताई, काय तेज आलंय तोंडावर!" मला वाटायचं, नेमाधर्माचं फळ.

माझी सेवा पुड्या बांधायची. डब्यातला अंगारा चिमटीनं घ्यायचा, कागदाची घडी घालायची आणि प्रत्येक घडीला एक नाम. एकशे आठ पुड्या होईपर्यंत बोलायचं नाही. त्या पुडीत माझंही थोडं पुण्य बांधलं जातंय, असं वाटायचं.

म्हणूनच मी मेहरुनला घेऊन गेले.

मेहरुन माझ्या खालच्या मजल्यावर राहते, बावीस वर्षं. माझ्या एकादशीला तिच्याकडून रताळी येतात, तिच्या रोज्यांत माझ्याकडून खजूर जातो. तिचा नवरा मकबूल याचं बुधवार पेठेत रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. ती तिथंच दिवसभर धूर खात सोल्डरिंग करते. पंचेचाळिशी उलटल्यावर तिला दमा लागला. शिंका नाहीत, खाज नाही. नुसता खोकला, चिकट कफ आणि धाप.

"ताई, तुम्ही म्हणता म्हणून," असं म्हणत तिनं आपला निळा पंप परडीत टाकला. दुकानात कुणाशी अदलाबदल होऊ नये म्हणून तिनं त्यावर हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

तीन आठवडे झाले, तिला गुण येईना. मी महाराजांना सांगितलं. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"माई, पुडी तीच, पाणी तेच. मग कमी काय? श्रद्धा! भांडंच पालथं, तर पाऊस काय करील?"

मी ते वाक्य जसंच्या तसं घरी आणलं आणि मेहरुनसमोर ठेवलं. हळू आवाजात. मला हळूच बोलायची सवय आहे. हळू बोललेलं जास्त खोल जातं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

ती म्हणाली, "दोन्ही वेळा तुमचं नाव घेऊन पुडी घेते, ताई. अजून किती श्रद्धा ठेवू?"

त्यानंतर अकराव्या दिवशी ती दुकानात कोसळली. अतिदक्षता विभागाच्या दाराशी मकबूलभाईंनी मला एकच विचारलं, "ताई, पंप कुठं आहे तिचा?"



मेहरुनवर आधीपासून उपचार करणाऱ्या डॉक्टर पूर्वा बाहेर आल्या. मेहरुनची चौकशी करायला मी पुढे झाले, तर त्या माझ्याकडेच निरखून बघू लागल्या.

"काकू, चेहरा आधीपासून असाच गोल आहे?"

"ते... तेज आहे, असं म्हणतात."

"आणि दंडावरचे हे निळे डाग? तेही तेज?"

त्यांनी तिथंच माझी साखर तपासली. तीनशे दहा. पिशवीतली पुडी मागून घेतली आणि प्रयोगशाळेत पाठवली. आठवड्यानं मला आणि मकबूलभाईंना समोर बसवलं.

"अंगाऱ्यात स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्यात. भरपूर. काकू, तुमचा गोल चेहरा, ते डाग, ती साखर, सगळं त्याचंच."

"मग मला गुण आला, तिला का नाही?" मी विचारलं.

"कारण दमा हे नाव एक आहे, आजार एक नाही. पुडी सुरू करण्याआधीचे तुम्हा दोघींचे रिपोर्ट मी पाहिले. तुमचा अ‍ॅलर्जीचा दमा. त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी श्वासनलिकांना सूज आणतात. स्टेरॉइड मिळालं की त्या पटकन शमतात. मेहरुनताईंच्या कफात त्या जवळजवळ नव्हत्याच. तिथं न्यूट्रोफिल, म्हणजे धूर आणि जंतूंशी भांडणाऱ्या पेशी. त्यांच्यावर स्टेरॉइडचा फारसा परिणाम होत नाही. त्यांचा आधार म्हणजे नळ्या उघडणारा तो पंप आणि धुरापासून लांब राहणं. नेमका पंपच काढून घेतला."

मकबूलभाई म्हणाले, "आमच्याकडे दोन सेट येतात. दोन्हींची खरखर सारखीच. एकाचा स्पीकर गेलेला असतो, एकाचा पॉवर सप्लाय. एकच स्क्रू पिळून दोन्ही दुरुस्त करणारा मिस्त्री मी तरी बघितला नाही. आणि सेट नाही वाजला म्हणून गिऱ्हाइकाचा ईमान कच्चा, असं म्हणणारा तर नाहीच."

"तीच युक्ती आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पुडीला श्रद्धा कळत नाही, पेशी कळतात. ज्यांना गुण येतो ते माईकवर जातात. बाकीच्यांना अश्रद्ध ठरवून घरी बसवायचं."

गुरुवारी मी वेळेआधीच गेले. सेवेच्या खोलीत वैजनाथ, महाराजांचा सेवेकरी, मिक्सरमध्ये पांढऱ्या गोळ्या फिरवत होता. मला बघून त्यानं झाकणावर उपरणं टाकलं. मागून महाराज आले.

"माई, लोकांना बरं वाटतं ना? तुम्हालाही वाटलं. तक्रार काय?"

"मेहरुन मरता मरता वाचली."

"ती कुठं आपली होती?"

सहा महिने ज्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, त्यांच्या तोंडचं हे वाक्य. गोळ्यांपेक्षा ते मला अधिक लागलं.

मी बाहेर जाऊन माईक हातात घेतला. लोकांना वाटलं, अनुभव सांगणार. सांगितलाच. पुडीचा रिपोर्ट वाचला. "कुणी पुडी एकदम थांबवू नका, त्यानंही जिवावर बेतेल. उद्या सकाळी पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि जाताना परडीतला आपला पंप घेऊन जा." वैजनाथनं माईकची वायर ओढली. पण तोवर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं. एक म्हातारे गृहस्थ उठले आणि परडीत हात घालून शोधू लागले. मग दुसरे. हिरव्या पट्टीचा पंप मला तळाशी सापडला.

मेहरुन घरी आली तेव्हा तो मी तिच्यासमोर ठेवला. तिनं हातात घेऊन पट्टीवरून अंगठा फिरवला.

"डॉक्टरांनी नवा दिलाय, ताई," ती म्हणाली. "हा राहू द्या तुमच्याकडे."

चहा तिनं दिला. रताळी मात्र या एकादशीला आली नाहीत.

तो पंप आता माझ्या देवघरात, समईशेजारी असतो. नेम माझे सुटलेले नाहीत. देवानं मला फसवलं नाही. माणसानं फसवलं, आणि मी न विचारता त्याच्या पुड्या बांधल्या. म्हणून एवढंच सांगते. देवापुढे खुशाल डोळे मिटा, औषधापुढे मिटू नका. आत काय आहे ते विचारा. गुण आला तर का आला ते विचारा. आणि तो आला नाही म्हणून कुणी तुमच्या श्रद्धेवर बोट ठेवलं, तर त्याच क्षणी उठा. जाताना शेजारणीलाही बरोबर घ्या.