डॉक्टर काळे यांचा ळ

कोटाच्या खिशावरची प्लास्टिकची पट्टी पुन्हा तिरकी झाली होती, आणि तिच्यावरचं ‘डॉ. जे. काळे’ नट वाहान आरशात उलटं वाचत बसला होता. सेटवर सकाळपासून सगळे त्याला डॉक्टर केल म्हणत होते — केल, म्हणजे सॅलडमधला तो कडवट पाला. बाहेर बर्नाबी शहरातला नोव्हेंबरचा पाऊस, आत स्टुडिओतलं खोटं आयसीयू, आणि एकसष्टाव्या वर्षी पालेभाजी व्हायचं तेवढं राहिलं होतं.

बाकी सगळं होऊन झालेलं. एकतीस वर्षांच्या नटगिरीत सात इराणी, चार अरब — त्यांतले तीन बॉम्बवाले — पाच रशियन, दोन ग्रीक खानावळवाले. मेला चौदा वेळा, त्यात दोनदा एकाच गोदामात. स्वतः आर्मेनियन असून आर्मेनियन मात्र एकदाही नाही. नावातला ‘जियान’ तर एजंटनं पहिल्याच भेटीत छाटला होता, “लोक अर्ध्या वाटेत दमतात,” म्हणून. वाहान देमिर्जियानचा व्हॅन डेमर झाला तो झालाच. दूर फ्रेस्नो गावच्या वृद्धाश्रमात एकोणनव्वद वर्षांची आई — त्यांच्यात मायरिग म्हणतात — प्रत्येक मालिका बघते, आणि रविवारी फोनवर विचारते, “या आठवड्यात कोण होतास? मेलास का?” आणि मग, ठेवता ठेवता... “आपलं कधी बोलणार रे त्या डब्यात?” लिहून देतात तेच बोलतो, मायरिग. मी काय, भाड्याचं तोंड.

“मिस्टर डेमर, पुन्हा एकदा.” प्रमोदिनीबाई समोर येऊन बसल्या. अडुसष्ट साली देश सोडून इथे आलेल्या, विद्यापीठाच्या लायब्ररीतून रिटायर झालेल्या. या भागापुरत्या भाषेसाठी नेमलेल्या. संहितेत एवढंच होतं : मुलीच्या उशाशी डॉक्टर आपल्या भाषेत बोलतो. कुठल्या, ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. ‘बाळा, मी आहे ना’ हे बाईंनी भरलेलं.

“बाला.”

“बाला आमच्या लायब्ररीत होता, त्याला कशाला बोलावता? बाळा! जीभ मागे वळवा. गरम भजं तोंडात गेलं की वळते ना, तशी.”

“बाला.”

“अरे देवा.” त्यांनी चष्मा पुसला. “राग मानू नका, पण यांना एक इंडियन मिळू नये? आमच्या मंडळातले जयदीप ऑडिशन देऊन देऊन थकले.”

“आर्मेनियनची भूमिका एकदा निघाली होती,” वाहान म्हणाला. “एका आयरिश माणसाला मिळाली.”

बाई हसल्या, मग हसायचं होतं का या शंकेनं थांबल्या.

टेकच्या वेळी मुलीचं काम करणाऱ्या नटीचा हात खरोखरच गार होता. त्यानं तो धरला. बा... जीभ सांगितल्याप्रमाणे मागे वळली, ळपाशी पोचलीच नाही, आणखी मागे गेली — मनुकांसाठी द्राक्षं वाळत घातलेल्या अंगणात, सहा वर्षांच्या तापलेल्या कपाळावर आईचा चिकट तळवा, आणि...

“त्सावत् दानिम,” तो म्हणाला. “त्सावत् दानिम.”

“कट! ब्यूटिफुल!” मॉनिटरमागून दिग्दर्शक ओरडला. “प्रॅम, भाषा बरोबर होती ना?”

प्रॅम. म्हणजे यांचंही छाटलेलं.

प्रमोदिनीबाई त्याच्याजवळ आल्या. “हे काय बोललात?” आवाज दबका होता.

“आई म्हणायची. तुझं दुखणं मी नेते, असं.”

बाईंचे दोन्ही हात आपोआप वर गेले, बोटं स्वतःच्या कानशिलांवर मुडपली... अलाबला घ्यावी तशी. कडकड वाजायच्या आत त्यांनी ती सोडली.

“प्रॅम? गुड?”

त्या हो म्हणाल्या, की आईचा शब्द फ्रेस्नोला पोचेल, पण डॉक्टर काळ्यांचा म्हणून, मराठी म्हणून, कायमचा. नाही म्हणाल्या, की पुन्हा बाला, बाला. एकतीस वर्षं खपून जाण्यासाठीच तर धडपड केली... गार हात अजून त्याच्या हातात होता, सोडायचा राहून गेलेला. आणि वाहानच्या लक्षात आलं, की आपण बाईंच्या ओठांकडे बघतोय, श्वास धरून, थकलेल्या माणसाला न शोभेल अशा आशेनं : कुणीतरी, एकदा तरी म्हणावं, हे चूक आहे, हा माणूस दुसराच कुणीतरी आहे.