पुढे द्यायचा घण

मी एक जुना घण आहे. मित्रांनो, माझ्याजवळ यायला घाबरू नका. मी आपणहून कधी कुणाला मारलेलं नाही.

लोहाराने मला तापवून, ठोकून घडवलं. जन्मच मार खाऊन झाला म्हणा ना! त्याच्या मेहुण्याने, म्हणजे सुताराने, मला दांडा बसवला. आमच्या गल्लीत घण एकच आणि कामाची घरं चार. रीत अशी की घण मागे द्यायचा नाही, पुढे द्यायचा, आणि तोही रिकाम्या हाताने नाही. दगडफोड्या मला दगडांसोबत गवंड्याकडे पोचवी. गवंडी त्या दगडांनी लोहाराची भट्टी बांधी आणि मला तिथेच ठेवी. लोहार धार लावलेल्या पटाश्यांबरोबर मला सुताराकडे देई आणि सुतार नव्या दांड्यासह पुन्हा दगडफोड्याकडे. कुणी हिशेब मागत नसे. काय तोरा होता माझा तेव्हा!

मग सुताराच्या डोक्यात खूळ शिरलं. "त्या दगडफोड्याने आजवर मला एक खडा तरी दिलाय का? दांडे मात्र मी फुकट पुरवायचे!"

"अरे, तुझ्या पटाश्या ज्या भट्टीत तापतात, तिचे दगड कुणाचे?" त्याची बहीण, म्हणजे लोहाराची बायको, म्हणाली.

"ते गवंड्याला विचार, ताई." त्याने मला आणि दांड्यांना कुलपात घातलं.

दगडफोड्या आपल्या चिरलेल्या दांड्याच्या हातोड्यावर भागवू लागला. एका घावाला लोखंड दांड्यातून निसटलं आणि शेजारी खडी फोडणाऱ्या त्याच्या बायकोच्या गुडघ्यावर बसलं. वाटीचा चुरा झाला. तिची किंकाळी मला कुलपाआड ऐकू आली.

तो आला तो दार तोडूनच. त्याने मला उचललं, सुताराचा उजवा हात बाकावर दाबला आणि घाव घातला. बोटांची हाडं माझ्याखाली फुटली. फार वाईट वाटलं हो मला.

मेहुण्याचा हात पाहून लोहार पिसाळला. मला घेऊन तो दगडफोड्याच्या घरात घुसला, लाथेने त्याला आडवं केलं आणि मला त्याच्या डोक्यावर उगारलं.

"हाणा, भाऊजी," खाटेवरून दगडफोड्याची बायको कण्हत म्हणाली, "पण नंतर घण पुढे कुणाला देणार, तेवढं सांगून हाणा."

लोहाराने मला खाली घेतलं. त्याने मला दारातच टाकलं आणि रडत घरी गेला.

तेव्हापासून मी इथेच गंजतो आहे. दांडे घडवणारा हात गेला, दगड थांबले, भट्टी खचली. सुतार डाव्या हातात पटाशी धरून पाहतो, पण ती बोथट आहे. दगडफोड्या दारातल्या मला ओलांडून जातो, चिरलेल्या दांड्याला तार गुंडाळतो आणि बायकोला लांब बसवतो. आधी दुसऱ्याने द्यावं म्हणून चौघेही अडून बसले आहेत.

मित्रांनो, हाती आलेली वस्तू अडवू नका. वापरा, जपा आणि पुढे द्या. आणि कधी या गल्लीत आलात, तर मला उचलून कुणाच्याही घरात नेऊन ठेवा. सुरुवात कुठूनही झाली तरी चालेल. मला पुन्हा दगड फोडायचे आहेत.