विणलेलं जंगल

"बे कुंदन, हे जंगल हाये का चादर?"

मंडळाचे अध्यक्ष भय्याजी शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या पडद्याकडे बोट दाखवत ओरडले. मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचं, नाटक आजच होतं. पडदा नापास झाला तर साकोलीहून छापील फ्लेक्स आणायला गाडी उभीच होती.

"चादरच समजा," पडदा रंगवणारा कुंदन म्हणाला.

मागे एकदा त्याच्या पोरीनं, मंजुषानं, राजकन्येच्या गाण्यांचा जुना कार्टून पिक्चर सीडीवर लावला होता. राजकन्या जंगलात गात होती आणि कुंदन झाडंच पाहत बसला. खांबासारखी सरळ झाडं, लांबचं पानही जवळच्या पानाइतकंच लख्ख. विलायतेतले शेकडो वर्षांपूर्वीचे विणलेले पडदे पाहून चित्रकारांनी ते जंगल काढलं, हे त्यानं पुढे एका मासिकात वाचलं. पवनीच्या विणकराचा पोरगा तो. मागावर लांबचं-जवळचं नसतंच. बापाचा माग मोडीत गेला, डोळा तेवढा पोराकडे आला. जन्मभर लोकांच्या हुकमानं धबधबे आणि हरणं रंगवून विटलेल्या ह्या माणसानं पहिल्यांदा स्वतःचं जंगल रंगवलं होतं.

"झाडीतल्या लोकायले तू झाड शिकवतं? यातलं मोहाचं झाड कोनतं, सांग!"

"फ्लेक्सवरचं झाड कोन्या गावचं हाये, ते तुमी सांगा ना!"

"तोंड नको चालवू!"

तेवढ्यात नाटकाची नायिका रुखमिणी हिरवं लुगडं नेसून तालमीला पडद्यापुढे उभी राहिली. हिरव्या पानांत बाई दिसेचना. लाल नेसून आली, तर रंगवलेल्या फुलांत हरवली.

"कुंदनभाऊ," ती हळूच म्हणाली, "लोकं मले पाहाले येतेत. मी कुटं गेली?"

भय्याजींना त्यानं शंभर शिव्या हासडल्या असत्या. हिला काय म्हणणार? विणलेल्या कापडापुढे कोणी उभं राहून गात नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"गाडी थांबवा," तो म्हणाला. खडू आणि डिंक कालवून त्यानं रुंद ब्रशनं पानांवर धुकं ओढायला सुरुवात केली.

"त्या कोपऱ्यातलं झाड राहू द्या, भाऊ. तिकडं मी जातच नाई."

"एवढं ठिगळ कायले ठेवू, बाई?"

त्यानं तेही झाकलं.

नाटकाला रुखमिणी उठून दिसली. शिट्ट्या पडल्या. "आता कसं जंगल वाटून राहिलं!" भय्याजी खूश होऊन म्हणाले. विंगेत उभा कुंदनही टाळ्या वाजवत होता. दर टाळीला हातांवरच्या वाळलेल्या खडूची पूड उडत होती.