टेबलावरची खुर्ची

सेइथला, म्हणजे भान हरपून भविष्य सांगण्याच्या जुन्या विधीला, बसण्याचे माझे पहिले तिन्ही प्रयत्न झोपेत संपले. कानात ढोलाचं रेकॉर्डिंग, डोळ्यांवर लोकरी मफलर, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ. वहीत मी प्रामाणिकपणे लिहिलं: नाडी ६४, ५८, ५६. दिसलं: काही नाही. घोरले: बहुधा.

मी मासळीच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करते. कॉडच्या तुकड्यांत जंतू किती ते मोजते. रेक्याविकला जीवरसायनशास्त्र शिकून आलेल्या मुलीने असल्या नादाला लागावं, हे मलाही चमत्कारिक वाटत होतं. पण हजार वर्षांपूर्वी इथल्याच बायका उंच आसनावर काठी धरून बसत, त्यांचं भान सुटे, आणि उतरण्याआधी त्या लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. त्या वेळी डोक्यात नेमकं काय होत असेल, एवढंच मला बघायचं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

चूक उशिरा लक्षात आली. ढोल आमचा नव्हेच, तो पार उत्तरेकडच्या सामी लोकांचा. आमच्याकडे आसनावर बसणाऱ्या बाईभोवती इतर बायका गात. म्हणजे मला गाणारी हवी होती, आणि जुन्या चालीवर म्हणणारी गावात एकच उरली होती: माझी आत्या, थोरहिल्दुर.

रविवारी ती चर्चमधून थेट माझ्याकडे आली. हातात तळलेल्या गोड क्लाइनांचा डबा. स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

"स्वाला, टेबलावर खुर्ची चढवलीस?"

"आसन उंच लागतं, आत्या."

"पडलीस तर तुझ्या बापाला काय सांगू? आणि हे हातात काय?"

"काठी."

"स्कीची काठी आहे ही! देव काय डोंगरावरून घसरत येणारेत?" ती हसत हसत बसली, कॉफी ओतून घेतली. "हे बघ, आमच्या पाद्रीणबाईंच्या कानावर जाऊ देऊ नकोस. कोरसमध्ये खालच्या पट्टीला आम्ही दोघीच आहोत, आणि दुसरी बहिरी आहे."

मग ती गायली. तिच्या आजीकडून आलेलं काहीतरी, वल्ह्यांच्या लयीत, ओळीच्या शेवटी सूर लांब ओढलेला. मी डोळे मिटले. पापण्यांआड लालसर उजेड दिसला. खुर्चीचा एक पाय डुगडुगतोय हे जाणवलं. शुक्रवारचे नमुने फ्रीजमध्ये ठेवले की बाहेरच राहिले, याचा विचार आला. अकरा मिनिटं. नाडी ७१. बाकी काही नाही.

गाणं थांबल्यावर मी डोळे उघडले. आत्याचे मिटलेलेच होते. गालांवर लाली चढली होती आणि हनुवटी थरथरत होती. तिला मी असं कधी पाहिलं नव्हतं.

"आता विचारायचं ना?" ती म्हणाली. "उतरायच्या आधी विचारायचं, असं म्हणालीस तू."

"हं. विचार."

मला वाटलं, थट्टेतलं काही विचारेल. ती खाली बघून म्हणाली, "ओगमुंदुरला थंडी वाजली का?"

ओगमुंदुर तिचा नवरा. एकतीस वर्षांपूर्वी मार्चमध्ये तो जाळी काढायला एकटाच गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. तेव्हा मी जन्मलेही नव्हते. मी त्याला ओळखते ते आत्याच्या भिंतीवरच्या फोटोतून: धक्क्यावर उभा, अंगात राखाडी लोकरी स्वेटर, गळ्याभोवती काळ्यापांढऱ्या नक्षीचं कडं.

"मला काही दिसलं नाही" एवढंच म्हणायचं होतं. वहीत मी ते तीनदा लिहिलं होतं. पण ती अकरा मिनिटं गायली होती, आणि मी वर बसले होते.

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज मुद्दाम खोल गेलेला मला ऐकू आला. "अंगात स्वेटर होता. राखाडी. गळ्याशी नक्षी. तो उबेत होता, आत्या."

तिचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला.

"अस्सं," ती म्हणाली. "बरं झालं."

तिने कॉफी संपवली, कप धुऊन ठेवला आणि गेली. तिचा गळपट्टा ती बसली होती त्या खुर्चीवरच राहिला. मला बरं वाटलं, हे लिहायलाच हवं. म्हातारीला आपण काहीतरी दिलं असं वाटून मी उरलेल्या दोन क्लाइना खाल्ल्या.

गुरुवारी कामावरून येताना गळपट्टा परत करायला गेले. आमच्याकडे दाराला कडी नसते. हाक मारत आत शिरले. आत्या खिडकीशी बसली होती. मला बघताच तिने मांडीवरचं काहीतरी घाईने उशीखाली सारलं. सगळं मावलं नाही. राखाडी बाही बाहेर राहिली. बाही कोपराच्या वर संपत होती, आणि उघडे टाके अजून सुईवर होते. सुईला गंज चढला होता.

फोटोकडे बघायची गरज नव्हती.

"कॉफी घेणार?" तिने विचारलं. तिची नजर माझ्याकडे नव्हती. मला लाज वाटू नये म्हणून ती धडपडत होती, आणि त्यानेच माझे कान तापले.

"तो हा घालून गेलाच नव्हता," मी म्हणाले.

"कोपर फाटलं होतं. आदल्या दिवशी मीच उसवला. म्हटलं, आजच्या दिवस दुसरा घाल. दुसरा पातळ होता."

"आत्या, मला काहीच दिसलं नव्हतं."

"माहीत आहे."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू टेबलावर बसली होतीस, बाई. एवढ्या उंचावरच्या माणसाला काय बोलणार?" ती थोडी हसली, मग हसू गेलं. "कुणाला कधी विचारलं नव्हतं गं मी ते. गाता गाता तोंडातून निघून गेलं."

मी उभीच होते. बस, असं ती म्हणाली नाही. मी बसावं की जावं हे मला ठरवता येईना.

तिने उशीखालून स्वेटर ओढून काढला. "तू शिकलेली आहेस. इथेच, जमिनीवर उभं राहून सांग. पाणी किती थंड असतं मार्चमध्ये?"

"दोन अंश. कधी तीन."

"आणि माणूस?"

मला हे येत होतं. कारखान्यात बोटीवरच्या लोकांना दर वर्षी शिकवतात. मागच्या वर्षी मीच शिकवलं. "पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही. दहा मिनिटांत हात चालेनासे होतात. अर्ध्या तासात, तासात शुद्ध जाते. शेवटी शेवटी थंडी कळत नाही म्हणतात."

"हा असता तर?" तिने बाहीवर हात ठेवला.

शून्य फरक, असं म्हणावंसं वाटलं. शब्द तोंडात तयारही झाला.

"लोकर भिजते," मी म्हणाले. "तरी काही मिनिटं मिळाली असती. पाच. फार तर दहा."

"आणि होडी कधी सापडली माहीत आहे? दुसऱ्या दिवशी दुपारी."

"मग नाही. मग स्वेटरने तो वाचला नसता."

ती मान हलवत राहिली, मनात मोजत असल्यासारखी. बाहेर कुणाची तरी गाडी बर्फावरून चरचरत गेली.

"पण थंडी वाजली," ती म्हणाली.

"हो, आत्या. वाजली. सुरुवातीला खूप."

तिने डोळे पुसले नाहीत. सुई दोन बोटांत धरून हलवून पाहिली. टाके गंजाला चिकटले होते, एकही सरकेना. तिने स्वेटर माझ्याकडे केला.

"तुझी नजर चांगली आहे. बघ निघतात का. आणि हळू. एक जरी सुटला तरी पुन्हा पहिल्यापासून करायला लावीन."

मी जमिनीवर, तिच्या पायाशी बसले.