पाठवणी कोणाची?

रविवारी सकाळी चेन्नईत अण्णा नगरच्या एका तीन मजली इमारतीत खालच्या मागच्या खोलीला कुलूप लागलं, आणि वर बालाजीरावांच्या घरी नवीनचा फोन आला.

मित्रांनो, कुलूप का लागलं ते आधी ऐका. पाण्याच्या पंपाची तांब्याची वायर चोरीला गेली होती. कोणी नेली, कोणालाच ठाऊक नव्हतं. पण बालाजीराव इमारतीचे सेक्रेटरी! त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "वडक्कन ठेवले की असंच होणार. सगळ्यांना परत पाठवा." वडक्कन म्हणजे उत्तरेकडचे. इमारतीत असं एकच घर होतं. मेट्रोच्या कामावर राबणारे झारखंडचे सोमरा, त्यांची बायको आणि आठवीतली फूलमनी. घरमालकाने लगेच खोली रिकामी करायला सांगितली, आणि ते सामान बांधून गावी निघाले. फूलमनी ही बालाजीरावांच्या मुलीची, नंदिताची, जिवाभावाची मैत्रीण. नंदिता रडली, भांडली. "तुला कळत नाही, गप बस," एवढंच अप्पा म्हणाले.

आणि आता नवीन. नंदिताचा मोठा भाऊ, जर्मनीत एका इस्पितळात नर्स. त्याने फोनवर एका पुढाऱ्याच्या भाषणाची क्लिप पाठवली होती. उजव्या पक्षाचा बडा माणूस, समोर टाळ्या वाजवणारी गर्दी.

"नंदू, तू शाळेत जर्मन शिकतेस ना? सांग सगळ्यांना काय म्हणतोय तो."

नंदिता अडखळत सांगू लागली. "तो म्हणतो, नुसता पासपोर्ट मिळाला म्हणून कोणी आमचा होत नाही. बाहेरून आलेत त्या सगळ्यांची... त्या सगळ्यांची आम्ही पाठवणी करू!"

"अय्यो!" सकवार आत्यांनी कॉफीचा डबरा, म्हणजे पितळी वाटी, खाली ठेवला. "नवीनची पाठवणी? पोरगा सासरी चालला काय?"

सगळे खो खो हसले. पिढ्यानपिढ्या तमिळनाडूत राहिलेल्या तंजावरी मराठी घरातलं नंदिताचं मराठी नेहमी असंच घसरायचं.

"तसं नाही हो, आत्या! हाकलून देऊ म्हणतोय!"

नवीन हसत नव्हता. "अप्पा, काल ट्रॅममध्ये एकाने हेच मला तोंडावर ऐकवलं. डबा भरलेला होता. कोणी काही बोललं नाही. मी ड्यूटी करून येत होतो, अप्पा. कपड्यांना अजून औषधांचा वास होता."

बालाजीराव ताडकन उठले. "कोण लागून गेला हा? माझ्या मुलाने काय चोरलंय ह्यांचं?"

"आणि सोमरा अंकलनी तुमचं काय चोरलं, अप्पा?" नंदिता म्हणाली.

"ते वेगळं आहे!"

"काय वेगळं?" आत्या म्हणाल्या. त्या बालाजीरावांच्या मोठ्या बहीण. घरात त्यांना उलट बोलायची सोय नव्हती. "परत पाठवा, परत पाठवा! परत म्हणजे कोठे रे, बालाजी? पुण्यात रिक्षावाला मज मद्रासी म्हणाला. हितं चेन्नईत भाजीवाली मराठीकारी म्हणते. उद्या मज कोणी परत जा म्हणालं, तर मी तिकीट कोठलं काढू, सांग!"

बालाजीराव खाली बसले. फोनमधून नवीनने विचारलं, "अप्पा, फूलमनीच्या घरी काय झालं?"

 बालाजीरावांनी चपला घातल्या, नंदिताला घेतलं आणि ऑटोने सेंट्रल स्टेशन गाठलं.

धनबादची गाडी लागलेली होती. जनरलच्या डब्याशी सोमरा बोचक्यावर बसले होते. बालाजीरावांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "चुकलो मी. चला परत. मालकाशी मी बोलतो."

सोमरा घाईघाईने उठून उभे राहिले. 

"साब, आप आये, बहुत है. पण उद्या परत कुणाची काही चीज हरवली, तर?"

 फूलमनी नंदिताच्या गळ्यात पडली. "पोयिट्टु वरेन," ती तमिळमध्ये म्हणाली. जाऊन येते. निघताना तमिळ माणूस असंच म्हणतो. नंदितापेक्षा तिचं तमिळ चांगलं होतं! पण ती येणार नव्हती, आणि दोघींना ते कळत होतं. गाडी हलली.

फलाटावरच बालाजीरावांनी ग्रुपवर लिहिलं, "सोमरा चोर नव्हते. मी पुराव्याशिवाय एक घर उठवलं. मला माफ करू नका, पण पुन्हा कोणी असं लिहिलं तर मला अडवा." खाली कोणाचंही उत्तर आलं नाही.

नागरिकहो, परदेशातला पुढारी माइकवर गरजला की आपलं रक्त उसळतं. तेच वाक्य आपल्या घरात, आपल्या भाषेत, आपल्या माणसाच्या तोंडून आलं की ते आपल्याला ओळखूसुद्धा येत नाही! ते ओळखा. आणि सामान बांधलं जाण्याआधी बोला. नंतर मागितलेली माफी खरी असली, तरी तिने गाडी थांबत नाही.