गळ्याची गोळी

"गोळी घेत नाही तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता, निकाल होता.

"घेते. रोज उठल्याउठल्या, उपाशीपोटी."

"मग थायरॉइडचा आकडा खाली यायचा सोडून वर का चाललाय? तो खाली आल्याशिवाय दिवस राहू द्यायचे नाहीत, हे सांगितलंय ना? चौथ्या महिन्यात एकदा गेलंय. पुन्हा तेच हवंय का?"

तिने स्वेटरची बाही खाली ओढली.

"आणि वय तुमच्या सोयीने थांबणार नाही," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळीचा जोर वाढवून दिला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ती मोठ्या लाँड्रीत इस्त्रीवर होती. तिथल्या वाफेत बाकीच्या बायका घामाने निथळत, ही तेवढी स्वेटर घालून उभी. एखाद्या गावात पाहण्यासारखं देऊळ असावं तशी मुकादमीण तिला नव्या बायकांना दाखवत असे. "ही आमची बाई. भट्टीत गारठते." परवा उभ्या उभ्या तिचा डोळा लागला आणि हॉटेलच्या चादरीवर इस्त्रीचा ठसा उमटला. मुकादमीण म्हणाली, "झोपायला चादर तरी उंची निवडलीस हो."

घरी सासूबाई होत्या.

"थायरॉइड म्हणे गळ्यात असतो?"

"हो आई."

"मग मूल काय गळ्यात राहणार आहे? गळे आम्हालाही होते. आम्ही नाही कधी त्यांना औषधं पाजली."

सासूबाईंना एखादा मुद्दा सापडला की त्या तो टाकाऊ समजत नसत. हा त्यांनी वर्षभर पुरवला. शेजारणीला सांगितला, लेकीला फोनवर सांगितला, दारात आलेल्या मीटरवाल्यालाही सांगितला. नवरा मात्र तटस्थ राष्ट्र होता. दोन्ही बाजूंकडचं जेवायचा आणि कुणाच्याच बाजूने बोलायचा नाही.

या सगळ्यात सासरे तेवढे तरुण होऊ लागले होते. एरवी खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन झोपणारा हा माणूस आता पहाटेच उठायचा. त्यांनी गॅलरीचे गज रंगवले. रंग आवडला नाही म्हणून खरवडून पुन्हा रंगवले. अंगावरचा सदरा सैल झाला आणि जीभही. पंखा सदा पाचवर.

"बाबा, थोडा कमी करू का? हुडहुडी भरते."

"मला उकडतंय. तुला थंडी वाजत असेल तर जाऊन बस तुझ्या लाँड्रीत."

आजवर ते तिच्याशी असं बोलले नव्हते. सासूबाई मात्र कौतुकाने म्हणाल्या, "बघ, या वयात ही तरतरी. नाहीतर तू."

डॉक्टरीणबाईंकडून ती परतली त्या संध्याकाळी सासऱ्यांनी कप टेबलावर असा आदळला, की चहा बशीत उडाला. त्यांचा हात थरथरत होता.

"मधुमेह म्हणून साखर काढून घेतलीत, घ्या बापडे. पण बदली आणलेल्या या गोड गोळ्यासुद्धा गोड लागत नाहीत. दोन टाका, चार टाका, चहा आपला कडूच."

"जीभ गेली असेल तुमची," सासूबाई म्हणाल्या.

"जीभ गेली असती तर तू पेढे वाटले असतेस." त्यांनी बाटली सुनेपुढे सरकवली. "तूच चाखून बघ गं."

तिने त्यातली एक गोळी जिभेवर ठेवली. बारीक, पांढरी. खडू चाटावा तशी चव, बाकी काही नाही.

तिची रोजची गोळीही अशीच बारीक, पांढरी होती. ती आत गेली आणि कपाटातली आपली बाटली घेऊन आली. आजवर तिने गोळी तोंडात टाकून वर घटाघट पाणी ओतलं होतं. औषध का कुणी चघळतं? आज तिने एक चघळली.

गोड. इतकी गोड, की घसा धरला.

तिने दोन्ही बाटल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"आई, या कुणी बदलल्या?"

"मी बदलल्या," सासूबाई पदर सावरत म्हणाल्या. "चोरी केली नाही मी. नवी बाटली आली की गोळीला गोळी मोजून बदलली, कुणी उठायच्या आत. बायका रोजची गोळी कशासाठी घेतात, ते मला कळत नाही होय? मूल होऊ नये म्हणून. वर गळ्याचं नाव सांगायचं. मला नातवंड हवं होतं, म्हणून बदलल्या."

"आणि माझ्या गोळ्या बाबांना घातल्यात?"

"मग काय मोरीत ओतायच्या? विकतच्या आहेत. आणि पुरुषमाणसाला त्याने काय होणार होतं? दिवस का जाणार होते?"

तटस्थ राष्ट्र फिसकन हसलं. बायकोकडे नजर गेली आणि ते खोकायला लागलं.

सासऱ्यांचा हात छातीवर होता. "माझं मेलं हे केव्हाचं धडधडतंय," ते हळूच म्हणाले.

त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. हृदयाचे ठोके ताल सोडून धावत होते. सासूबाई पलंगाशेजारी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "सुनेच्या गोळ्यांनी झालं हो हे." यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तिची सगळी हकिगत ऐकली. तिला खोटं ठरवल्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, पण या वेळी त्यांनी पुढच्या पेशंटला लगेच हाक मारली नाही.

"पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. आकडा उतरायला काही महिने जातील. तोवर थांबायचं."

"आणि वय?"

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उलटा करून पाहिला. मागे काही लिहिलेलं नव्हतं. "बघू," त्या म्हणाल्या.

सासरे घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात गेली, तर सासूबाई आधीच उठून ओट्यापाशी उभ्या. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळहातावर गोळी.

"घे. तुझ्याच बाटलीतली आहे. नवीन, माझ्या हाताने सील फोडलं."

तिने गोळी उचलून जिभेवर ठेवली. गिळली मात्र नाही. पेला हातात धरून, सासूबाईंकडे बघत ती उभी राहिली.

"माझ्यावर विश्वास नाही ना तुझा?"

तोंडात गोळी असल्यामुळे तिला उत्तर देता आलं नाही. गोळी विरघळत होती. खडूची चव जिभेवर पुरती पसरेपर्यंत ती थांबली, आणि मग पाणी प्यायली.