डब्यातलं सोनं

माणसानं एक वेळ खोटं बोलावं, पण अर्धं खरं बोलू नये. खोटं उघडं पडलं की शिव्या खाऊन सुटका तरी होते. अर्धं खरं घशात अडकून बसतं, गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही. कळव्याच्या दौलतचं नेमकं तसंच झालं, तेही बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यापायी.

दौलत ठाण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कंपनीत होता. सन दोन हजार तोंडावर आलं तशी ऑफिसांना जुनी मशिनं फेकायची घाई सुटली. ती भंगारात जाण्याआधी दौलत त्यांच्या पोटातले प्रोसेसर मागून घ्यायचा. घरी आणून मऊ ब्रशनं पुसायचा, वाकलेल्या पिना सरळ करायचा आणि थर्माकोलच्या तुकड्यात रोवून डब्यात ठेवायचा. चिनीमातीचे जांभळट चौकोन, काहींच्या मधोमध चकचकीत सोनेरी झाकण. रविवारी दुपारी डबा उघडून बसला की बायकोची हाक त्याला ऐकू यायची नाही. कुणाला टपाल तिकिटांचं वेड असतं, याला याचं. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते दौलतच्या आईमुळे, असं म्हणणं अन्यायाचं होईल. दगडाबाईनं उभा जन्म मासळीची पाटी डोक्यावर वाहिली. कारखान्यांचं पाणी खाडीत उतरलं, जाळ्यात मासळीपेक्षा घाण जास्त यायला लागली, तेव्हा तिनं ठरवलं की पोरगा होडीत बसणार नाही. गळ्यातली पुतळ्यांची माळ उतरवली, सोनाराला विकली आणि दौलतला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. त्यानंतर नारळी पौर्णिमेला ती खाडीवर गेली नाही. त्या दिवशी सोनेरी कागदात मढवलेल्या नारळापुढे कोळणी अंगभर दागिने घालून नाचत जातात, तिथे बोडक्या गळ्यानं कोण जाणार? गुडघा दुखतो म्हणायची आणि दाराशी बसून वाजंत्री ऐकायची. दौलतला ते दरवर्षी दिसायचं आणि दरवर्षी लाज वाटायची.

तीन वर्षांपूर्वी ती हा डबा भंगारवाल्याला द्यायला निघाली, तेव्हा दौलत घाईघाईनं बोलून गेला, "आये, ठेव तो. त्यात सोनं आहे."

खोटं नव्हतं ते. पिनांवर, झाकणावर सोन्याचा मुलामा होताच, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. दगडाबाईनं डबा दोन्ही हातांनी उचलून तोलला. बाजारात तराजूपेक्षा तिच्या हातावर लोकांचा भरवसा होता.

"मासली साफ केली का अर्धी जाते, अर्धी रहाते," ती म्हणाली. "तसाच सोन्याचा बी. दगडमाती जेली तरी लय रहाल."

आयुष्यभर खवले आणि डोकी काढलेल्या बाईनं दुसरा हिशोब कुठून आणायचा? दौलतनं तिथेच तिला खाली बसवून सांगायला हवं होतं. पण तो हसला आणि गप्प राहिला, कारण त्या दिवसापासून डब्याला कुणी हात लावेनासं झालं. दगडाबाईनं तो देव्हाऱ्याच्या फळीवर नेऊन ठेवला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसा हा झाकला डबा. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं आणि दौलत मनातून खूश व्हायचा. मूर्ख कुठला.

यंदा पौर्णिमा महिन्यावर आली तशी दगडाबाई बाजारातून आली ती पाटी खाली ठेवण्याआधीच बोलली. "सोनाराला सांगून आयले. डबा नेऊन त्यातला सोना काढ. माल घडवायची हाय. रंगूबाईला बी सांगितला, औंदा मी फुडं चालनार."

रंगूबाई म्हणजे तिची जाऊ. तिला सांगितलं म्हणजे कळव्यापासून ठाण्यापर्यंत सगळ्या कोळीवाड्यांत सांगितलं.

"आये, त्यात सोनं फार थोडं..." दौलतनं सुरुवात केली.

"थोडा म्हंजे? चार तोले तरी हाय ना?"

तिच्या चेहऱ्यावर असा काही उजेड होता की दौलतला खरं सांगवेना. "बघतो," एवढंच तो म्हणाला.

"सांगून टाका ना सरळ," मंजुळा, त्याची बायको, स्टोव्हशी बसून हळूच म्हणाली. "रडतील, दोन दिवस बोलणार नाहीत. नंतर बोलतील."

"आणि बाजारात हसतील तिला, ते?"

दौलतच्या पगारात पुतळ्यांची माळ बसत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. सांगावं तर आईचं हसं, न सांगावं तर डबा जातो. तिसरी वाट त्याला दिसेना.

रविवारी डबा पिशवीत घालून तो विठ्ठलवाडीला काळुरामकडे गेला. काळुराम पत्र्याच्या शेडमध्ये भंगारातली सर्किटं तेजाबात घालून सोनं काढायचा. त्याचा खोकला गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा.

काळुरामनं डबा उघडला आणि शीळ घातली. "क्या बात है, दौलतशेठ. एकदम नवे ठेवलेत. पण एवढ्यात काय निघणार? पोतं पाहिजे, पोतं."

"तरी किती निघेल?"

"डोळ्याला दिसेल एवढं. माझं ऐक, परत घेऊन जा. काचेच्या फ्रेममध्ये लाव, मस्त दिसतील."

दौलतला ते इतकं पटलं की तो पिशवी उचलून दारापर्यंत गेलासुद्धा. पण घरी जाऊन भरलेला डबा पुन्हा फळीवर ठेवायचा आणि आईच्या तोंडाकडे बघायचं, हे त्याच्यानं होणार नव्हतं. शिवाय माणूस बुडायला लागला की काडीलाही होडी समजतो. कुणी सांगावं, काळुराम समजतो त्याहून जास्त निघेलही. तो परत फिरला.

काळुरामनं गोणपाटावर ते प्रोसेसर पसरले आणि हातोडी घेतली. पहिला घाव बसला तशी चिनीमाती कपासारखी फुटली. दौलतनं मान फिरवली, पण आवाज काही फिरवता येईना.

"सगळे ना?" काळुरामनं विचारलं.

ज्या मशिनवर दौलत पहिल्यांदा शिकला, त्यातला प्रोसेसर त्यानं शर्टाच्या खिशात बाजूला ठेवला होता. तोही त्यानं काढून गोणपाटावर टाकला. सोनं तेवढंच जास्त होईल. तेव्हा मात्र त्याला खरंच रडू आलं, आणि तेजाबाच्या धुरामुळे डोळे चुरचुरतात असं सांगून तो बाहेर जाऊन उभा राहिला.

आठवड्यानं काळुरामनं त्याच्या हातावर कागदाची पुडी ठेवली. आत तुरीच्या दाण्याएवढा मणी होता. पिवळाधमक, अस्सल. मजुरी घ्यायचं काळुरामच्याही जिवावर आलं.

दौलत घरी पोचला तर उंबऱ्याशी दगडाबाई आणि तिच्याशेजारी रंगूबाई. मुद्दाम बघायलाच आली होती ती. मागे फिरायला जागाच नव्हती.

"आयला क?" दगडाबाई म्हणाली. "दाखव."

त्यानं पुडी तिच्या हातात दिली. तिनं ती उलगडली, कागद झटकला, आत आणखी काही आहे का ते पाहिलं. मग मणी तळहातावर घेऊन तोलला. तो हात उभ्या जन्मात चुकला नव्हता. ती दौलतकडे बघत राहिली आणि दौलत जमिनीकडे.

"येवढाच?" रंगूबाईच्या ओठांवर हसू फुटायला लागलं होतं. "मालंचा काय जाला गो?"

"माल कोनाला पायजे या वयात?" दगडाबाई शांतपणे म्हणाली. "मीच याला बोलले, येवढाच आन. मेल्यावर तोंडान सोन्याचा मनी घालतान ना, त्याच्यासाठी. तुज्या पोरांनी आनला क तुज्यासाठी?"

रंगूबाईचं हसू मावळलं. ती थोडा वेळ बसली आणि काम आठवल्यासारखं करून निघून गेली.

दौलत तिथेच उभा होता. "आये, मी तुला तेव्हाच..."

"ऱ्हाऊ दे," दगडाबाई म्हणाली. मणी पुन्हा कागदात गुंडाळून तिनं त्याच्यापुढे धरला. "तुज्याकडंच ठेव. तवा तुलाच घालायचा हाय."